कोरड पाडणारी औषधं: अँटिकोलिनर्जिक म्हणजे काय, ती कुठे उपयोगी पडतात आणि कुठे नडतात

डोळ्याचा पडदा तपासण्याआधी बाहुली मोठी करणारे थेंब. ऑपरेशन चालू असताना नाडी एकदम मंदावली तर भूलतज्ज्ञ देतात ते इंजेक्शन. कीटकनाशक पोटात गेलेल्या रुग्णाला तासन्‌तास दिलं जाणारं औषध. सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेल्या रुग्णाचा रोजचा इनहेलर, लघवीची सारखी घाई होते म्हणून लिहून दिलेली गोळी आणि गाडी लागू नये म्हणून कानामागे चिकटवायची पट्टी. वरवर पाहता या सगळ्यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. पण शरीरात त्यांचं काम एकच असतं. अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनाचा निरोप ती पोचू देत नाहीत, आणि म्हणून त्यांना अँटिकोलिनर्जिक म्हणतात.

रुग्णाच्या कानावर हे नाव सहसा पडत नाही. 'लघवीची गोळी', 'सर्दीची गोळी', 'झोपेची गोळी' अशा टोपणनावांनी ही औषधं घरात येतात. खरी अडचण इथूनच सुरू होते. एकाच कुळातली तीन औषधं तीन निराळ्या तक्रारींसाठी, तीन निराळ्या डॉक्टरांकडून एकाच माणसाला मिळू शकतात, आणि त्यांचं नातं कुणाच्या ध्यानातही येत नाही.

निरोप कोणाचा, कोणाला

मज्जातंतू आणि अवयव यांच्यात एक सूक्ष्म फट असते. तंतूच्या टोकाशी आलेला विद्युत संदेश ही फट ओलांडू शकत नाही, म्हणून तिथे एक रसायन सुटतं आणि पलीकडच्या पेशीवरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं. ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयांवर केलेल्या प्रयोगातून हे सिद्ध झालं. एका हृदयाला व्हेगस हा मज्जातंतू जोडलेला होता. तो उत्तेजित केल्यावर हृदयाचे ठोके मंदावले. मग त्या हृदयाभोवतीचा द्रव त्यांनी तंतू नसलेल्या दुसऱ्या हृदयावर सोडला, आणि तेही मंदावलं. म्हणजे ठोके कमी करणारी गोष्ट द्रवात उतरली होती. ती गोष्ट म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. 1936 चं नोबेल पारितोषिक लोवी आणि हेन्री डेल यांना विभागून मिळालं.

हे रसायन शरीरात बरंच काही सांभाळतं. लाळ सुटणं, पोटातले पाचक रस, आतड्याची हालचाल, लघवी करताना मूत्राशयाचं आकुंचन, श्वासनलिकांचं आखडणं, त्यांच्यातला ओलावा, डोळ्याची बाहुली बारीक होणं, जवळचं दिसावं म्हणून डोळ्यातल्या भिंगाचा फोकस बदलणं आणि विश्रांतीच्या वेळी हृदय सावकाश चालणं, हे सगळं त्याच्याकडे आहे. घामाच्या ग्रंथीही त्याच्याच निरोपावर चालतात. याशिवाय मेंदूत लक्ष देणं आणि लक्षात ठेवणं या दोन्ही कामांत त्याचा मोठा वाटा असतो. शेवटची ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचंच काम पडणार आहे.

अँटिकोलिनर्जिक औषध काय करतं? रिकाम्या खुर्चीवर कुणी रुमाल टाकून जागा अडवून ठेवावी, तसं ते रिसेप्टरवर जाऊन बसतं. स्वतः काही निरोप देत नाही, फक्त खऱ्या पाहुण्याला बसू देत नाही. पण पाहुण्यांची गर्दीच झाली तर रुमाल बाजूला सारला जातो. अ‍ॅसिटिलकोलिन खूप वाढलं तर औषधही तितकंच जास्त लागतं, हे त्यामुळेच.

हे रिसेप्टर दोन मोठ्या गटांतले: मस्करिनिक आणि निकोटिनिक. या लेखातली औषधं मुख्यतः मस्करिनिक रिसेप्टर अडवतात. त्यांचे एम-1 ते एम-5 असे पाच प्रकार आहेत. हृदयात एम-2 महत्त्वाचा, तर ग्रंथी, मूत्राशय आणि श्वासनलिका यांच्यात एम-3. मेंदूत पाचही सापडतात, त्यातला एम-1 स्मरणाशी अधिक जोडलेला. फक्त मूत्राशयावर काम करेल आणि तोंडाला हात लावणार नाही असं औषध बनवायचे प्रयत्न अनेक वर्षं चालू आहेत, पण एम-3 दोन्हीकडे असल्यामुळे ते पूर्ण साधलेलं नाही. या औषधांचे दुष्परिणाम हा काही वेगळा प्रकार नसतो. हवा असलेला परिणामच नको त्या जागी दिसतो, एवढंच. जी कोरड भूलतज्ज्ञाला हवी असते, तीच लघवीच्या गोळीवर असलेल्या माणसाला रात्री पाण्यासाठी उठवते.

झाडापासून इंजेक्शनपर्यंत

या कुळाचा मूळपुरुष अ‍ॅट्रोपिन. बेलाडोना या विषारी झाडातून ते 19 व्या शतकात वेगळं काढण्यात आलं. धोतऱ्यातही हीच जातकुळी आहे, अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन दोन्ही. धोतऱ्याची विषबाधा झालेला माणूस पाहिला की अख्खं फार्माकॉलॉजीचं प्रकरण समोर उभं राहतं: कातडी लाल, गरम आणि सुकी, तोंडात थेंबभर लाळ नाही, बाहुल्या मोठ्या, नाडी वेगात, पोट गप्प, लघवी तुंबलेली आणि माणूस समोर नसलेल्या गोष्टींशी बोलतोय. औषधाच्या मात्रेत हेच सगळं सौम्यपणे आणि निवडक जागी घडवून आणायचं असतं.

डोळ्यांच्या तपासणीत ट्रोपिकामाइडचे थेंब वापरतात. त्यांचा असर काही तासांत उतरतो. सायक्लोपेंटोलेटचा साधारण दिवसभर टिकतो, आणि अ‍ॅट्रोपिनचा आठवडा ते दोन आठवडे. थेंबांनंतर पुस्तक धूसर दिसतं, कारण भिंगाचा फोकस बदलणारा स्नायू तेवढ्यापुरता सुट्टीवर गेलेला असतो. लहान मुलांचा चष्म्याचा नंबर वाढण्याचा वेग कमी करायला अगदी कमी तीव्रतेचे, 0.01 ते 0.05 टक्क्यांचे, अ‍ॅट्रोपिन थेंबही आता वापरले जातात. इथे एक बारीक गोष्ट. डोळ्यात घातलेला थेंब अश्रुनलिकेतून नाकात आणि तिथून रक्तात जातो. जास्त तीव्रतेच्या अ‍ॅट्रोपिनने छोट्या मुलाचा चेहरा लाल होणं किंवा ताप येणं असे प्रकार घडू शकतात. म्हणून थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरायला सांगतात.

नाडी धोकादायकरीत्या मंदावली तर अ‍ॅट्रोपिन शिरेतून देतात. मोठ्यांसाठी एका वेळी 1 मिलिग्रॅम, दर 3 ते 5 मिनिटांनी पुन्हा, एकूण 3 मिलिग्रॅमपर्यंत. मात्रा फारच कमी दिली तर नाडी वाढण्याऐवजी थोडी आणखी मंदावू शकते, ही या औषधाची एक खोड आहे. ऑपरेशननंतर स्नायू सैल ठेवणाऱ्या औषधाचा परिणाम उतरवायला निओस्टिग्मिन देतात. ते अ‍ॅसिटिलकोलिन वाढवतं, त्यामुळे नाडी मंदावते आणि लाळ वाढते. म्हणून त्याच्या जोडीला याच कुळातलं ग्लायकोपायरोलेट असतंच.

विषबाधेच्या वॉर्डात

अ‍ॅट्रोपिनची खरी ताकद पाहायची तर ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेत. निरोप देऊन झाल्यावर अ‍ॅसिटिलकोलिन मोडून टाकणारं एन्झाइम शरीरात असतं. हे विष त्या एन्झाइमलाच निकामी करतं. मग अ‍ॅसिटिलकोलिन साचत जातं: तोंडातून फेस, डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, मंद नाडी. सगळ्यात घातक म्हणजे छातीत इतका स्राव जमतो की माणूस कोरड्या जमिनीवर असून बुडतो. 20 मार्च 1995 ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन हा विषारी वायू सोडला गेला, तेव्हाही रुग्णालयांत अ‍ॅट्रोपिनच वापरावं लागलं, कारण सरिनसुद्धा याच एन्झाइमवर घाव घालतो.

इथे मात्रेचं गणित वेगळं असतं. सुरुवातीला काही मिलिग्रॅम द्यायचे, पाच मिनिटांनी पाहायचं, फरक नसेल तर दुप्पट करायचे, मग पुन्हा दुप्पट. मघाची 3 मिलिग्रॅमची मर्यादा इथे लागू नाही. गंभीर रुग्णाला एकूण कितीतरी पटींनी जास्त लागू शकतं. थांबायचं कधी, हे ठरवायला डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात. खरखर गेली का? नाडी 80 च्या वर आली का? रक्तदाब सावरला का? आणि काखेत हात घालून पाहतात, घाम सुकला का. लाखोंच्या यंत्रांनी भरलेल्या अतिदक्षता विभागात काखेला हात लावून औषधाची मात्रा ठरते, हे मला नेहमी विलक्षण वाटतं. नुसत्या बाहुल्यांवर भिस्त ठेवत नाहीत, त्या उशिरा बदलू शकतात. मात्रा जास्त झाली तर उलटी खूण दिसते: ताप चढतो, आतड्याचा आवाज बंद होतो, रुग्ण बरळायला लागतो. मग औषध थोडा वेळ थांबवून कमी मात्रेवर पुन्हा सुरू करतात. श्वासाचे स्नायू ढिले पडतात ते मात्र निकोटिनिक रिसेप्टरमुळे. तिथे अ‍ॅट्रोपिनचं काही चालत नाही, व्हेंटिलेटरच लागतो.

रोजच्या वापरात

श्वासाच्या आजारांत हे औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून बाकी शरीराला त्याचा उपद्रव कमी. इप्राट्रोपियमचा असर काही तास राहतो. टायोट्रोपियम दिवसातून एकदा पुरतं, आणि सीओपीडीच्या उपचारातलं ते एक महत्त्वाचं औषध आहे. तोंड कोरडं पडतंच, पण त्याहून जपायची गोष्ट म्हणजे नेब्युलायझरचा मास्क. तो सैल बसला तर वाफ डोळ्यांत जाते, आणि ज्यांच्या डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याची वाट, म्हणजे डोळ्याचा कोन, मुळात अरुंद आहे त्यांना काचबिंदूचा तीव्र झटका येऊ शकतो.

मूत्राशय भरण्याआधीच आकुंचन पावायला लागलं की माणसाला बाथरूम गाठेपर्यंत दम निघत नाही. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन, डॅरिफेनासिन, ट्रॉस्पियम ही यासाठीची औषधं. यांनी घाई कमी होते, पण अनेक जण काही महिन्यांत स्वतःच गोळी सोडून देतात, बहुतेकदा कोरड आणि बद्धकोष्ठता यांना वैतागून. ऑक्सिब्युटिनिनची पट्टी लावली तर कोरड कमी पडते. गोळी यकृतातून जाताना तिचं जे रूपांतर होतं तेच कोरडीला मोठ्या प्रमाणात जबाबदार असतं, आणि पट्टीतून आलेलं औषध तो पहिला फेरा टाळतं.

पोटात कळा येत असतील तर डायसायक्लोमिन किंवा हायोसिन ब्युटिलब्रोमाइड. कंपवातात थरथर कमी करायला ट्रायहेक्सिफेनिडिल. 19 व्या शतकात, या आजारात मेंदूत कमी पडणाऱ्या डोपामिन या रसायनाचा पत्ता लागण्याच्या कितीतरी आधी, कंपवातावर बेलाडोनाच्या कुळातली द्रव्यंच वापरली जात. आता ती मागे पडली आहेत, पण तरुण रुग्णात थरथर हाच मुख्य त्रास असेल तर कामी येतात. उलटीच्या किंवा मानसिक आजाराच्या काही औषधांनी एखाद्याची मान एकदम वाकडी होते, जबडा अडकतो, डोळे वर चढतात. घरचे घाबरून जातात. अशा वेळी या कुळातलं एक इंजेक्शन दिलं की काही मिनिटांत सगळं सुटतं. माझ्या मते वैद्यकातल्या सगळ्यात समाधानकारक दृश्यांपैकी हे एक.

गाडी किंवा बोट लागते त्यांच्यासाठी स्कोपोलामिनची पट्टी. प्रवासाच्या निदान चार तास आधी कानामागे लावायची, तीन दिवस चालते. पट्टी लावून हात न धुता डोळा चोळला, तर त्या एकाच डोळ्याची बाहुली मोठी होते. मग मेंदूत रक्तस्राव झाला की काय या शंकेने धावाधाव होते, स्कॅन निघतात, आणि शेवटी सापडते ती कानामागची पट्टी.

त्रास कुठे होतो

तोंडाची कोरड हा किरकोळ त्रास समजला जातो. पण लाळ दातांचं रक्षण करते. वर्षानुवर्षं ती कमी राहिली तर दात किडतात, तोंडात बुरशी धरते, कवळी टोचायला लागते आणि घास घोट घोट पाण्याबरोबर गिळावा लागतो. कुंथावं लागणारी बद्धकोष्ठता म्हाताऱ्या माणसात आतडं तुंबण्यापर्यंत जाऊ शकते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी आधीच चिंचोळ्या वाटेने येत असते. त्यात मूत्राशयाचा जोर काढून घेतला तर ती पूर्ण अडते, आणि रात्री नळी घालायला धावावं लागतं. यामागे पुष्कळदा साधी सर्दीची गोळी असते. काचबिंदूबद्दल मात्र गैरसमज आहे. 'काचबिंदू असल्यास घेऊ नये' ही सूचना मुख्यतः अरुंद कोनाच्या प्रकारासाठी आहे. रुंद कोनाचा काचबिंदू असलेल्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून ही औषधं सहसा घेता येतात. मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू दुबळे करणारा आजार), आतड्याचा अडथळा आणि नाडीचे काही विकार असलेल्यांनाही जपावं लागतं.

घाम येणं बंद झालं तर कडक उन्हात शरीर तापत जातं. मानसिक आजाराची या गुणाची औषधं चालू असलेल्या आणि भर उन्हात राबणाऱ्या माणसाला उष्माघाताचा धोका जास्त असतो. उन्हाळा सुरू होताना ही सूचना द्यायला हवी, आणि ती बऱ्याचदा राहून जाते.

आता मेंदू. काही औषधांच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असतो, म्हणून रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत त्यांना सहज ओलांडता येत नाही. ग्लायकोपायरोलेट, ट्रॉस्पियम, हायोसिन ब्युटिलब्रोमाइड त्यातली. ऑक्सिब्युटिनिन, ट्रायहेक्सिफेनिडिल, स्कोपोलामिन मात्र सहज आत शिरतात. वयाबरोबर ही भिंत काहीशी विरळ होते, यकृत आणि मूत्रपिंड औषध सावकाश काढतात, आणि मेंदूतला अ‍ॅसिटिलकोलिनचा साठाही कमी झालेला असतो. तरुणाला जी गोळी नुसती सुस्ती आणते, तीच ऐंशीच्या घरातल्या माणसाला रात्रभर बरळायला लावू शकते. पांघरुणावरचे न दिसणारे किडे वेचणं, भिंतीवर माणसं दिसणं, सकाळी बरं वाटणं आणि संध्याकाळी पुन्हा भरकटणं, याला डिलिरियम म्हणतात. रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्धात असं एकाएकी सुरू झालं तर 'वय झालं' म्हणून सोडून न देता आधी औषधांचा कागद पाहावा. रात्री झोप यावी म्हणून दिलेली अँटिहिस्टामिनची, म्हणजे सर्दी-खाजेच्या जातीची, गोळी तिथे सापडणं मुळीच दुर्मिळ नाही. याखेरीज डोळ्यापुढे धूसर दिसणं आणि सुस्ती यांच्या जोडीने पडणं आणि हाड मोडणं आलंच.

छुपे सदस्य

आतापर्यंतची औषधं उघडपणे या कुळातली होती. पण दुसऱ्याच कामासाठी बनलेली कित्येक औषधं वाटेत हाच परिणाम करतात. सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या: क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन. मज्जातंतूच्या दुखण्यासाठी आणि नैराश्यासाठी वापरतात ते अ‍ॅमिट्रिप्टिलिन. नैराश्याचंच पॅरॉक्सेटिन. मानसिक आजाराची क्लोझापिन, ओलान्झापिन, क्लोरप्रोमाझिन. एकेकटं घेतलं तर चालून जातं, बेरीज झाली की अडतं. ही बेरीज मांडायला गुणांकनाच्या पट्ट्या तयार झाल्या. त्यातली 2008 मधली एक पट्टी औषधांना 1 ते 3 गुण देते, आणि एकूण 3 किंवा जास्त झाले तर सावध व्हायला सांगते. निरनिराळ्या पट्ट्यांचे गुण एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे आकड्याला फार डोक्यावर घेऊ नये. पण बेरीज करायची असते हे त्यांनी शिकवलं, ते मोलाचं. वृद्धांसाठी टाळावीत अशा औषधांची बीअर्स यादी अमेरिकेत 1991 मध्ये निघाली आणि तिची 2023 ची आवृत्तीही आली आहे. पहिल्या पिढीतल्या अँटिहिस्टामिन आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन तिच्यात ठळकपणे आहेत.

सगळ्यात खटकणारा प्रकार असा. एखाद्या आजींना स्मृतिभ्रंशासाठी डोनेपेझिल सुरू होतं. हे औषध अ‍ॅसिटिलकोलिन वाढवतं, तोच त्याचा उपयोग. पण मूत्राशयालाही ते जास्त मिळतं आणि लघवीची घाई सुरू होते. नवा त्रास म्हणून त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात आणि ऑक्सिब्युटिनिन मिळतं. आता एक गोळी निरोप वाढवतेय आणि दुसरी तो अडवतेय. पैसे दोन्हींना, आणि आजी जास्तच विसरायला लागल्या म्हणून डोनेपेझिलची मात्रा वाढवायची चर्चा सुरू होते. एका औषधाचा परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध देणं ही साखळी एकदा लागली की ती तोडायला कुणाला तरी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडून बसावं लागतं.

मग यांनी स्मृतिभ्रंश होतो का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही'मध्ये बसत नाही. 2015 मध्ये अमेरिकेतल्या सिएटल भागातल्या 65 वर्षांवरच्या 3,434 जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा वर्षांच्या काळात ज्यांनी ही औषधं सगळ्यात जास्त घेतली, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका न घेणाऱ्यांच्या सुमारे दीडपट आढळला. 'सगळ्यात जास्त' म्हणजे काय, तर रोज ऑक्सिब्युटिनिन 5 मिलिग्रॅम तीन वर्षांहून अधिक काळ, या हिशेबाने. 2019 मध्ये इंग्लंडमधल्या स्मृतिभ्रंशाच्या सुमारे 59 हजार रुग्णांची तुलना सव्वादोन लाख इतरांशी झाली. तिथेही सर्वाधिक वापर असलेल्यांत धोका साधारण दीडपट निघाला. लघवीची, नैराश्याची, कंपवाताची आणि मानसिक आजाराची औषधं त्यात पुढे होती. अँटिहिस्टामिन, पोटाच्या कळांची औषधं आणि इनहेलर यांच्याबाबत मात्र तसा संबंध दिसला नाही.

दीडपट ऐकून घाबरण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. स्मृतिभ्रंशाचं निदान होण्याच्या कितीतरी आधी नैराश्य, झोपेची तक्रार, लघवीवरचा ताबा सुटणं सुरू झालेलं असू शकतं. म्हणजे आजाराची पहिली चाहूल म्हणूनच ती गोळी सुरू झाली असेल, तर दोष गोळीवर येणारच. संशोधकांनी निदानाआधीची काही वर्षं वगळून हिशेब केला, तरी सगळी शंका फिटत नाही. माझं मत विचाराल तर, वादाच्या निकालाची वाट पाहायची गरज नाही. सुस्ती, भ्रम, पडणं आणि विसरणं हे लगेच दिसणारे परिणाम पक्के ठाऊक आहेत. सत्तरीपुढच्या माणसाची बेरीज कमी करायला तेवढं कारण पुरेसं आहे.

उलट दिशेची एक गंमत सांगायलाच हवी. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी एका नव्या जोडगोळीला मान्यता मिळाली: झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम. झॅनोमेलिन मेंदूतले मस्करिनिक रिसेप्टर चेतवतं, पण एकटं दिलं तर उलट्या, लाळ आणि पोट बिघडणं यांनी रुग्ण हैराण होतो. ट्रॉस्पियम मेंदूत शिरत नाही, म्हणून ते बाहेरच्या शरीराला शांत ठेवतं आणि मेंदूतलं काम बिनबोभाट चालू राहतं. जुन्या लघवीच्या गोळीला असं नवं काम मिळेल असं कुणाच्या डोक्यात आलं असेल, त्याला दाद द्यायला हवी.

डॉक्टरांकडे जाताना

एक औषध अनेक जागी काम करतं, त्यामुळे बदल करायला वावही असतो. शिंका-खाजेसाठी क्लोरफेनिरामिनऐवजी लोराटाडिन किंवा फेक्सोफेनाडिनसारखं नव्या पिढीतलं औषध. लघवीच्या घाईसाठी आधी मूत्राशयाचा सराव, म्हणजे ठरावीक वेळेने जाणं आणि ते अंतर हळूहळू वाढवणं, आणि ओटीपोटाचे व्यायाम. गोळी लागलीच तर मिराबेग्रॉन, जे वेगळ्याच रिसेप्टरवर काम करतं. त्यात रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. मज्जातंतूच्या दुखण्याला अ‍ॅमिट्रिप्टिलिन सोसत नसेल तर नॉरट्रिप्टिलिन, ज्यात हा गुण कमी आहे. 'या गोळीने तोंड सुकतं का आणि विसरायला होतं का?' एवढा साधा प्रश्न विचारला तरी डॉक्टरांना नेमकं काय तपासायचं ते कळतं. सीओपीडी किंवा कंपवात असेल तर औषध नको म्हणून बसू नका. तिथे फायदा पुष्कळदा त्रासाहून मोठा असतो.

आणि हा लेख वाचून कोणतीही गोळी परस्पर बंद करू नका. बरेच दिवस रिसेप्टर अडवून ठेवले की शरीर त्यांची संख्या आणि संवेदनशीलता वाढवून जुळवून घेतं. औषध एकदम थांबलं की अ‍ॅसिटिलकोलिनचा पूर येतो: मळमळ, उलट्या, घाम, झोप उडणं, अस्वस्थता, कंपवाताच्या रुग्णात थरथर एकदम वाढणं. मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते. किती वेगाने, ते औषधावर आणि माणसावर अवलंबून.

लघवी अजिबात न होणं, पोट फुगून शौच-वारा बंद होणं, डोळा लाल होऊन जबरदस्त दुखणं आणि दिव्याभोवती कडी दिसणं, किंवा अंग तापलेलं, कोरडं आणि माणूस असंबद्ध बोलतोय, यातलं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जावं. जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं, थेंब, पट्ट्या आणि इनहेलर पिशवीत घालून न्यावेत. दोन दिवसांपूर्वी घेतलेली सर्दीची गोळीसुद्धा.